जीभ कुणाच्या बापाची?



गोदीत क्रेनचा माल खाली सोडायचा असला की आम्ही ओरडतो, 'आरिया!' वर घ्यायचा असला की 'हाबेस!' हे शब्द कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. 'आरिया' हा पोर्तुगीज खलाशांचा शब्द. शेकडो वर्षांमागं तो जहाजावरून उतरला आणि मजुराच्या तोंडात घर करून राहिला. आमच्या टोळीतल्या एकानंही पोर्तुगीज व्याकरण वाचलेलं नाही. कामाच्या पहिल्या दिवशी मला कुणी विचारलं नाही, बाबा रे, तुझा उच्चार शुद्ध आहे का? टोळी ओरडत होती, मीही ओरडलो. डोक्यावर दोन टनांचा माल लोंबकळत असताना लाजायला सवड कुणाला? शब्द टोळीनं शिकवला.

आता दुसरं चित्र बघा. माणूस तोच, गळा तोच. एका ऑफिसात टॅली क्लार्कची जागा निघाली. माल मोजायचा, पेट्यांवरचा मार्का बघायचा, फुटतूट असेल तर वहीत लिहायची. हे काम मी झोपेतही करीन. टेबलामागच्या टायवाल्यानं विचारलं, 'टेल मी अबाऊट युवरसेल्फ.' पहिलीपासून दहावीपर्यंत दहा वर्षं मी इंग्रजी शिकलो. 'माय स्कूल', 'माय मदर', 'माय व्हिलेज' हे निबंध तोंडपाठ होते. पण जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. मी फक्त नाव सांगितलं. आडनावासकट सांगितलं, म्हणजे उरलेलं त्याला आपोआप कळलं. जागा दुसऱ्याला गेली. माझ्या हातात हूक राहिला.

हे रडगाणं नाही. रडगाणी छापायला आमच्याकडं कागद नाही. छापतोय एवढ्यासाठी की ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही. माझ्या वाशीम जिल्ह्यात, रिसोडला जा, मानोऱ्याला जा, मंगरूळपीरला जा, वस्तीवस्तीत असा एक तरी पोट्टा भेटतो. त्याला इंग्रजी वाचता येतं. लिहिता येतं. कळतं. चारचौघांत एक वाक्य बोल म्हटलं की पाण्यात पडलेल्या मांजरागत थरथरतो. पोरींचं तर विचारूच नका. ही भीती इंग्रजीची नाही. ही भीती हसण्याची आहे.

आणि हसतं कोण? आठवा. मागच्या बाकावरून उठून तुम्ही पहिल्यांदा इंग्रजी धडा वाचला तेव्हा वर्गात कोण हसलं? 'स्कूल'चं 'इस्कूल' झालं तेव्हा कुणी नक्कल केली? ज्याच्या पणज्याचं बोलणं गावकीसमोर 'जोहार मायबाप' म्हणून सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं, त्याच्या पणतवाला हे लोक सांगतात, 'कॉन्फिडन्स ठेव.' कॉन्फिडन्स काय किराणा दुकानात मिळतो? पावशेर बांधून द्या म्हणायचं? आत्मविश्वास एकट्याच्या छातीत उगवत नाही. तो आजूबाजूला बसलेल्या माणसांच्या डोळ्यांत असतो. ते डोळे आपले असले तर जीभ सुटते. ते डोळे मापं काढणारे असले तर डॉक्टरेटवाल्याचीही बोबडी वळते.

म्हणून या अंकात आम्ही एकच मागणी करतोय, आणि ती सरकारकडं नाही, तुमच्याकडं आहे. इंग्रजी बोलायला गटानं शिका. एकट्यानं आरशासमोर उभं राहून नाही. तीस दिवसांत साहेब करतो म्हणणाऱ्या क्लासवाल्याच्या फीपायी माय-बहिणीचे डोरले गहाण टाकून नाही. वस्तीतल्या वस्तीत, विहारात, होस्टेलच्या गच्चीवर, आठ-दहा जण गोल बसून.

आधी एक खोटं फोडून टाकू. आमच्या पोरांना 'भाषा येत नाही' म्हणतात. पोहरादेवीकडचं बंजाऱ्याचं पोर घ्या. घरी गोरमाटी बोलतं. गल्लीत वऱ्हाडी बोलतं. शाळेत पुस्तकी मराठी वाचतं. बाजारात हिंदी बोलतं. झाल्या चार. कारंज्याच्या मोहल्ल्यातलं पोर त्यात उर्दूची भर घालतं. पुण्यातल्या चांगल्या घरातलं पोर दोन भाषांवर 'हुशार' ठरतं आणि आमचं चार भाषांवर 'कच्चं' ठरतं! ज्याची जीभ चार ठिकाणी वळते ती पाचव्या ठिकाणी का अडते? कारण त्या चार भाषा त्याला माणसांनी दिल्या, खेळताना, भांडताना, पाणी भरताना. पाचवी भाषा त्याला छडीनं आणि खडूनं दिली. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून असायचं. वर्षं वाढली. तोंड किती उघडलं? मास्तर धडा वाचतो, पोरं फळ्यावरचं उतरून घेतात, प्रश्नाची उत्तरं गाईडातून पाठ करतात. पोहण्याचं पुस्तक पाठ झालं. विहिरीत कुणी उतरलंच नाही.

आमच्या मातीचा इंग्रजीशी संबंध नवा आहे असंही नाही. कारंज्यावरून मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी नॅरोगेज गाडी धावायची, लोक तिला शकुंतला म्हणत. गोऱ्यांच्या राज्यात कापूस वाहायला ती टाकली. वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मुंबईला यायचा, आणि मी आज जिथं हूक चालवतो त्या मुंबईच्या बंदरातून बोटीनं विलायतेला जायचा, मँचेस्टरच्या गिरण्यांत. त्याची बिलं, बिल्ट्या, विमे, सगळं इंग्रजीत. माल इंग्रजीत बोलत गेला. कापूस वेचणारी बाई मुकी राहिली. भाव इंग्रजीत ठरला, तो तिला दलालानं आपल्या सोयीचा करून सांगितला. १९९८ साली अकोला तोडून वाशीम जिल्हा केला. २०१८ साली दिल्लीनं त्याला 'आकांक्षित जिल्हा' असं नाव दिलं. आकांक्षा आमची, आकडे त्यांचे, आणि आकड्यांवरची मीटिंग पुन्हा इंग्रजीत! म्हणजे दलाल बदलला, धंदा तोच. मधला माणूस काढून टाकायचा असेल तर आपल्याला स्वतः बोलावं लागेल.

आता दोन बाजूंनी दोन आवाज येतील. त्यांचा समाचार घेऊ.

एक म्हणेल, मायमराठीचं काय? हे बहुधा तेच गृहस्थ असतील ज्यांची नातवंडं कॉन्व्हेंटात आहेत आणि मुलगा न्यू जर्सीत. दुसऱ्याच्या पोरांना मराठीचा अभिमान शिकवायला यांच्या बापाचं काय जातं? आम्ही मराठी सोडा म्हणत नाही. १९२० साली बाबासाहेबांनी पत्र काढलं ते मराठीत, आणि नाव ठेवलं 'मूकनायक'. आपल्या माणसांशी बोलायला आपली भाषा. त्याच बाबासाहेबांनी १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत इंग्रजीत तोंड उघडलं, कारण तिथं ऐकणारा कान इंग्रजी होता. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी वाचलं आणि त्यातलं काही काढा म्हणाले. बाबासाहेबांनी काढलं नाही. मंडळानं परिषदच गुंडाळली. त्यांनी ते इंग्रजी भाषण स्वतःच्या पैशानं छापलं आणि ते जगभर गेलं. त्याच्याही आधी १८५४ सालच्या 'काव्यफुले'त सावित्रीबाईंनी इंग्रजी शिकण्याबद्दल कविता लिहिली. १८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचं गाऱ्हाणं मांडलं ते इंग्रजीत. यातल्या कुणी मराठी सोडली? दोन्ही हातांत दोन हत्यारं होती, एवढंच.

दुसरा आवाज आपल्यातलाच. तो म्हणतो, इंग्रजी हीच मुक्ती. उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या बांका गावात २०१० साली चंद्रभान प्रसाद यांनी 'इंग्रजी देवी'चं देऊळ बांधायला घेतलं. देवीच्या हातात पेन, डोक्यावर हॅट, पायाखाली कॉम्प्युटर. प्रसादांचा मुद्दा आम्हाला कळतो. ज्या देवांनी आम्हाला बाहेर ठेवलं त्यांच्यापेक्षा पेनवाली बरी. पण देवी म्हटली की पुजारी आला, पुजारी आला की सोवळं आलं. इंग्रजीचं सोवळं आपण आजच बघतोय. आपलाच एखादा दादा शहरात शिकून येतो आणि वस्तीत आल्यावर मायशीसुद्धा 'यू नो' करून बोलतो. आम्हाला देवी नको. आम्हाला हूक पाहिजे. हूक हातातून हातात जातो, घामानं ओला होतो, कुणी त्याला नारळ फोडत नाही.

आणि एक कडू गोष्टही सांगून ठेवतो, उगीच गुळाचा खडा देत नाही. इंग्रजी आलं म्हणून जात जात नाही. दिल्लीच्या एम्समध्ये आपल्या पोरांशी होणारा भेदभाव तपासायला सुखदेव थोरात यांची समिती बसली, २००७ साली तिचा अहवाल आला. थोरात आपल्याच अमरावतीकडचे, मिलिंदमध्ये शिकलेले. देशातली सगळ्यांत अवघड परीक्षा पास होऊन गेलेली पोरं, त्यांनाही तिथं वेगळं पाडलं जात होतं हे त्या अहवालानं मांडलं. मग इंग्रजी कशाला? कारण वेगळं पाडलेला माणूस गप्प राहिला तर मारणाऱ्याचं काम सोपं होतं. बोलला तर निदान कागदावर येतं.

आता कसं करायचं ते सांगतो. आमच्या गावच्या विहारात गेल्या पावसाळ्यात नऊ जण बसले, पाच पोरं, चार पोरी. सुट्टीला गेलो की मीही बसलो. मास्तर नव्हता. तरी काही कायदे केले, ते तुम्हीही करा.

पहिला कायदा, बोलणाऱ्यावर हसायचं नाही. हसला की एक रुपया दंड, दंडाचा चहा. पहिल्या आठवड्यात चहा फुकट झाला. तिसऱ्या आठवड्यात चहाला पैसे जमेनात, तेव्हा आम्हाला कळलं की काम सुरू झालं.

दुसरा, एकदम उभं राहून भाषण नाही. आधी दोघादोघांनी एकमेकांच्या कानात बोलायचं. मग चौघांत. मग सगळ्यांत. ज्यानं तेच वाक्य दोनदा बोलून झालेलं असतं त्याची जीभ तिसऱ्यांदा अडत नाही. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून एका सुरात वाचायचं. आम्ही संविधानाची उद्देशिका इंग्रजीत वाचली. नऊ आवाजांत आपला फुटका आवाज लपतो, आणि लपता लपता उघडा पडतो.

तिसरा, आधी वऱ्हाडीत सांगा. 'मले काय म्हनाचं हाये' ते आधी आपल्या बोलीत मोकळं सांगायचं, मग सगळ्यांनी मिळून इंग्रजीत फिरवायचं. बोलीची लाज धरायची नाही. १९७९ साली अमेरिकेत अॅन आर्बर शहरात काळ्या पोरांच्या बाजूनं कोर्टानं निकाल दिला, की मुलं घरी जी बोली बोलतात तिची दखल शाळेनं घेतलीच पाहिजे. त्यांना कोर्टात जावं लागलं. आपल्याला फक्त आपल्या गोलात ठरवायचं आहे.

चौथा, चिंचोके. प्रत्येकाला तीन चिंचोके द्यायचे. बोललं की एक मधे टाकायचा. तीन संपले की तोंड बंद, जोवर बाकीच्यांचे संपत नाहीत. हा कायदा बाप्यांसाठी आहे. कारण क्रांतीच्या गोलातसुद्धा पोरंच बडबडतात आणि पोरी चहा करतात. चिंचोके आले आणि आमच्याकडच्या दोन पोरी पहिल्यांदा बोलल्या. तोपर्यंत आम्ही समजत होतो त्यांना येत नाही.

पाचवा, ज्याच्यावाचून अडतं ते बोला. एकाच्या हातात एसटीच्या वेळापत्रकाचा अर्धा कागद, दुसऱ्याच्या हातात उरलेला अर्धा. रिसोडची गाडी किती वाजता, मालेगावला कुठली थांबते, हे इंग्रजीत विचारल्याशिवाय कुणाचा कागद पुरा होत नाही. मग बोलावंच लागतं, गोदीत लागतं तसं. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरीनं १९६३ साली अँजिकोस गावात तीनशेच्या आसपास मजुरांना चाळीसेक तासांत लिहा-वाचायला शिकवलं ते असंच. वर्ग मोडून मंडळ केलं, आणि शब्द घेतले ते मजुरांच्या जगण्यातले. पुढच्या वर्षी लष्करानं सत्ता घेतली आणि फ्रेरीला तुरुंगात टाकलं. गोल बसून बोलणाऱ्या माणसांना सत्ता किती घाबरते ते यावरून ओळखा.

सहावा, सोंग घ्या. बँक, दवाखाना, मुलाखत, तहसील. एक साहेब, एक अर्जदार. मग उलट. आमच्याकडं एक दिवस तहसीलचं सोंग होतं. पोरगा जातीचा दाखला मागायला आला आणि बारावीतली एक पोरगी तहसीलदार झाली. तिनं चष्मा नाकावर ओढला, कागद न बघता बाजूला सारला आणि म्हणाली, 'कम टुमारो.' पोरगा म्हणाला, 'सर, आय कम येस्टरडे ऑल्सो.' विहार गदगदून हसलं. कुणी ओरडलं, 'काहून हासू रायले बे, रुपया काढा!' पण कुणी रुपया काढला नाही, आणि आम्हीही मागितला नाही. कारण आयुष्यात पहिल्यांदा ते हसू बोलणाऱ्यावर नव्हतं. साहेबावर होतं. 'येस्टरडे'पुढं क्रियापद चुकलं होतं. पण गोष्ट खरी होती, आणि ती साहेबाच्या भाषेत साहेबाच्या तोंडावर मारता आली होती.

सातवा, चूक लगेच दुरुस्त करायची नाही. बोलणाऱ्याला मधेच तोडलं की तो परत कासव होतो. एकानं चुका वहीत टिपायच्या आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर मांडायच्या. तुम्ही विचाराल, सगळेच कच्चे, मग चुकीचं इंग्रजी पक्कं होणार नाही का? रास्त प्रश्न आहे. म्हणून आठवड्यातून एकदा जाणता माणूस बोलवा, शाळेतली एखादी मनानं चांगली बाई, नोकरीतला एखादा दादा. वही त्याच्यापुढं ठेवा. मोबाईलवर सिनेमे बघता तसं चांगलं इंग्रजी ऐका, बातम्या ऐका, आणि ऐकलेलं दुसऱ्या दिवशी गोलात सांगा. पण आधी आवाज, मग शुद्धता. मुक्याचं व्याकरण कुणी तपासतं का?

आणि महिन्यातून एकदा पार्लमेंट भरवा. ही आमची टूम नाही. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, तिथं विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरायची आणि बाबासाहेब स्वतः तिथं बोलले आहेत. ज्यानं देशाची घटना लिहिली त्याला हे माहीत होतं की आपलं पोर एकदम खऱ्या सभागृहात उभं राहणार नाही, आधी त्याला आपल्या माणसांत उभं राहू द्यावं लागतं. विषय आपले घ्या. सोयाबीनचा भाव. स्कॉलरशिप उशिरा का येते. वस्तीत पाण्याचा नळ का नाही. एक बाजू सरकारची, एक विरोधाची. पुढच्या वेळी बाजू बदला.

त्या नऊ जणांचं काय झालं? चमत्कार झाला नाही. दोघं आले-गेले. एकजण पुण्याला कंपनीत लागला, तिथं त्याला मराठीच बोलावं लागतं. तहसीलदार झालेली ती पोरगी कॉलेजात गेली. तिथं वर्गात तिला उभं करून इंग्रजीत बोलायला लावलं. दोन वाक्यं बोलली, तिसरं अडलं, मागून कुणीतरी हसलं. ती थांबली, हसणाऱ्याकडं बघितलं, आणि चौथं वाक्य बोलली. खाली बसली नाही. मला तिनं फोनवर एवढंच सांगितलं, 'दादा, मले वाटलं आपले आठ जन मांगं बसले हायेत.'

मित्रांनो, त्या टायवाल्यासमोर माझ्या मागं कुणी बसलेलं नव्हतं. म्हणून मी मुका झालो. तुम्ही ज्या दिवशी तिथं जाल त्या दिवशी तुमच्या मागं आठ जण पाहिजेत. ते आठ जण आजच शोधा. वाशीमात शोधा, वरळीत शोधा, नागपूरच्या होस्टेलात शोधा. जात विचारू नका, मार्क विचारू नका, मोहल्ला विचारू नका. पहिल्या दिवशी फक्त नाव सांगा आणि दुसऱ्याचं नाव विचारा. एवढं इंग्रजी सगळ्यांना येतं.

जीभ आपली आहे. ती कुणाच्या बापाकडं गहाण नाही. माल फार दिवस वर लोंबकळतोय, आता टोळीनं मिळून ओरडा.

जयभीम.